पहिल्या पेराचं माप

आमच्या रेंजवर बोलायला बंदी आहे. भिंतीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि अक्षर इंगवले सरांचं आहे, म्हणजे विषय संपला. पण माझा अनुभव असा, की जिथं बोलायला बंदी असते तिथंच सांगण्यासारखं जास्त साठतं! आमच्याकडं ते सगळं बाहेरच्या खोलीत साठतं. तिथं एक जुनं टेबल, चार खुर्च्या, चहाचा थर्मास आणि कोपऱ्यात सरांची हत्यारांची पेटी. नवीन माणूस आला की आधी त्या टेबलाशी बसतो, आणि सर त्याचा हात हातात घेतात.

अगदी ज्योतिषासारखा! पण रेषा बघत नाहीत. अंगठ्याजवळच्या बेचक्यापासून बोटाच्या टोकाकडच्या पेरापर्यंत किती अंतर आहे ते बघतात. त्या पेराला आम्ही पहिलं पेर म्हणतो. पिस्तुलाची मूठ बेचक्यात घट्ट बसली, की पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर अलगद टेकला पाहिजे. ट्रिगर लांब पडला तर माणूस बोट ताणतो आणि मूठ हातात फिरते. जवळ पडला तर बोट ट्रिगरला मिठी मारतं आणि छर्रा कडेला जातो. म्हणून आमच्या एअर पिस्तुलांचा ट्रिगर मागं-पुढं सरकतो. बारीक स्क्रू ढिला करायचा, ट्रिगर सरकवायचा, परत आवळायचा. काम एवढंसं. पण एवढ्याशा कामापायी त्या टेबलावर मी काय काय बघितलंय, सांगते.

*

सुरुवात माझ्यापासनंच करते. मी मंगळवार पेठेतली. रेंजवर पहिल्यांदा गेले ती मुलाला घालायला. सरांनी त्याचा हात बघितला, ट्रिगर लावून दिला, पोरगं शिकायला लागलं. पण त्याचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर! शेवटी एक दिवस त्यानं जाहीर केलं, "आई, मी फुटबॉलला चाललो."

आता सरांना सांगायला कुणीतरी जायला हवं. मी गेले. मान खाली घालून म्हटलं, "सर, त्याला काही जमेल असं वाटत नाही."

"बसा. हात आणा," सर म्हणाले.

"सर, मी नव्हे. माझा मुलगा—"

"त्यो गेला फुटबॉलला, म्हाईत हाय मला. पेठेतलं पोरगं फुटबॉल सोडून दुसरीकडं जाणार कुठं? तुम्ही हात आणा."

लग्नात बांगड्या भरताना कासारानं माझा हात धरला होता. त्यानंतर मापासाठी कुणी धरला नव्हता. मी आपला हात पुढं केला. सरांनी ट्रिगर बराच मागं घेतला, पिस्तूल माझ्या मुठीत बसवलं आणि म्हणाले, "उचला." उचललं. बोट जिथं टेकायचं तिथंच टेकलं. इतकं नेमकं माझ्या मापाचं काही असू शकतं, हेच मला नवीन होतं. माझं पोलकंसुद्धा कायम कुठंतरी दाटतं!

घरी आले तर सासूबाई ओट्याशी उभ्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पोराचं नाव काढायला गेलतीस न्हवं? मग तुझं कसं लागलं?"

आता मी तिथंच नवीन पोरांना शिकवते. पोरगा अजून फुटबॉल खेळतो. दोघांचं बरं चाललंय.

*

जयसिंगपूरचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मुलीचं नाव श्रावणी, दोन वेण्या घातलेली, हुशार चेहऱ्याची. दोन-तीन महिने आमच्या पिस्तुलावर शिकली, हात चांगला बसला, म्हणून वडिलांनी तिला स्वतःचं पिस्तूल घ्यायचं ठरवलं. मुठीची मापं लहान, मध्यम, मोठी अशी येतात. मी लहान सांगितलं.

गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "मॅडम, जरा वाढत्या हाताचं द्या की!"

"म्हणजे?"

"म्हंजे एक साइज मोठं. पोरगी वाढती हाय. पुढच्या वर्षी बसंना म्हटलं तर काय करायचं?"

मग कळलं, त्यांचं जयसिंगपुरात शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान! उभा जन्म पोरांना वाढत्या अंगाचं देण्यात गेलेला.

सर आतनं ऐकत होते. बाहेर आले. "पावणं, शर्ट ढगळ झाला तर पोरगं हसतंय नुसतं. ह्ये ढगळ झालं तर नेम जातोय. आत्ता तिच्या हाताला बसतंय तेच घ्या." मग त्यांना ट्रिगर ज्यावर सरकतो ती पट्टी दाखवली. "आज हितं लावू. बोट वाढलं की ह्यो जरा पुढं. आणखी वाढलं की आणखी पुढं."

गृहस्थ वाकून बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अस्सं होय! म्हंजे आत दुमडून शिवलंय, वाढंल तसं उसवायचं!"

"व्हय. तसंच."

"मग आधीच सांगायचं की ओ! ह्ये तर आमचंच काम झालं!"

तेव्हापासून दिवाळी झाली, की ते श्रावणीला टेबलाशी बसवतात आणि म्हणतात, "सर, बघा जरा. उसवायचं झालंय का?"

*

विलास पैलवान आले तेव्हा मला वाटलं दारच काढावं लागणार. गुडघा दुखावल्यामुळं कुस्ती सुटलेली. घरी बसून माणूस चिडचिडा झाला, म्हणून मित्रांनी आणून सोडला. सगळ्यात मोठी मूठ काढली, ट्रिगर अगदी पुढं नेला, तेव्हा कुठं ते बोट आत मावलं.

बोट बसलं, पण पैलवान दाबेनात. "मॅडम, ह्यो मोडंल की!"

"नाही मोडत. दाबा."

दाबलं. बोटाबरोबर मनगट, मनगटाबरोबर खांदा, सगळं पुढं गेलं! छर्रा टार्गेटच्या कागदालासुद्धा लागला नाही. दुसरा तसाच. तिसऱ्याला त्यांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि बाहेरच्या खोलीत येऊन खुर्चीत बसून राहिले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा पडला की बघवेना. "जोर लावायचं सोडून मला दुसरं काय येतच न्हाय," म्हणाले.

सरांनी चहा ओतला. इकडच्या तिकडच्या गप्पा. घरी कोण कोण आहे विचारलं. तर बायको आणि तान्ही मुलगी.

"तिची नखं कोण काढतंय?" सरांनी विचारलं.

"आँ?"

"लेकीची नखं. बारीक असतात, लागतंय पटकन. कोण काढतंय?"

पैलवान लाजले. "मीच की. बायको भिती."

"कशी काढता?"

"तिचं बोट आसं धरतो. मग श्वास रोखतो. आन हळूच... कळूबी देत न्हाय तिला."

"उठा," सर म्हणाले. "तसंच."

पैलवान उठले. आत जाऊन परत जागेवर उभे राहिले, हात वर गेला. कधी ट्रिगर दबला ते शेजारी उभ्या असलेल्या मलाही कळलं नाही. छर्रा काळ्या गोलात!

पुढच्या रविवारी ते लेकीलाच घेऊन आले. तिनं सरांचं बोट असं गच्च धरलं की सोडेना. सरांनी तिची चिमुकली मूठ उघडून नीट निरखली आणि गंभीरपणे म्हणाले, "पैलवान, एवढा जवळ येणारा ट्रिगर अजून कुणी काढला न्हाय. थांबावं लागंल."

*

ओंकार रायफलवाला. रायफलवाले आणि पिस्तूलवाले यांचं आमच्याकडं फारसं पटत नाही. ते म्हणतात, तुमचा हात हलतो. आम्ही म्हणतो, तुम्हाला धरायला दोन हात लागतात! पण ओंकारचं आमच्या ऋतुजाशी पटलं होतं, हे सगळ्या रेंजला माहीत होतं. फक्त त्या दोघांना वाटत होतं, कुणालाच माहीत नाही.

एक दिवस हा माझ्यापाशी आला. "मॅडम, तुम्हाला सगळ्यांच्या बोटांचं माप म्हाईत असतंय न्हवं?"

"असतंय की."

"मग ऋतुजाचं... म्हंजे सहज विचारतोय."

"अरे, मला बोटाची लांबी म्हाईत हाय, जाडी न्हवं! अंगठीला जाडी लागते."

"अंगठी कोण म्हटलं?" म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

अंदाजानं आणलीच त्यानं. रंकाळा तलावाच्या काठावर दिली म्हणे. ढगळ झाली! ऋतुजानं बोट हलवून बघितलं, अंगठी गरागरा फिरली. रडेल की हसेल, या भीतीनं हा बघतोय. ती म्हणाली, "राहू दे. दोरा गुंडाळून घालतो मी. तू परत न्यायचं नाव काढू नको."

आमच्याकडच्या पोरी 'घालतो', 'जातो' असंच बोलतात. पण तेवढं वाक्य ओंकार आजही सगळ्यांना तिच्याच आवाजात ऐकवतो.

*

देसाई काका आणि काकू, दोघंही शाळेतून निवृत्त झालेले. दोघांत मिळून एक पिस्तूल. काका सकाळी यायचे, काकू संध्याकाळी. काकांची बोटं लांबसडक, काकूंची आखूड. म्हणजे ज्याच्या त्याच्या वेळी ज्यानं त्यानं ट्रिगर हलवायचा. स्कूटरच्या आरशासारखं!

एकदा काय झालं, दोघांचेही गुण घसरायला लागले. आज बरे, उद्या बरे, म्हणता म्हणता महिना गेला. काकू संध्याकाळी मला सांगायच्या, "यांचं माझ्याकडं लक्षच नाही गं. कप जागेवर ठेवत नाहीत, ट्रिगर काय ठेवणार!" काका सकाळी सरांना सांगायचे, "बाईसाहेबांनी परत ट्रिगर कुठंतरी नेऊन ठेवलाय. पूर्वी असं नव्हतं हो."

त्या 'पूर्वी असं नव्हतं' मध्ये जे काही होतं, ते सरांना आवडलं नाही. घरातही अबोला सुरू झाल्याचं कानावर आलं. शेवटी सरांनी दोघांना एकाच वेळी बोलावून टेबलाशी बसवलं, अगदी समोरासमोर.

"काका, तुमचं मारून झालं की काय करता?"

"काय करणार? हिच्यासाठी ट्रिगर मागं घेऊन ठेवतो. हिचा अंगठा दुखतोय, त्या स्क्रूशी कुठं झटापट करणार ती?"

काकूंनी मान वर केली.

"काकू, तुम्ही आल्या आल्या काय करता?"

"यांनी लांब ठेवलेला असणार, म्हणून मागं घेते, नेहमीएवढा." आता आवाज जरा बारीक झाला होता. "आणि जाताना यांच्यासाठी पुढं करून ठेवते. सकाळी चष्मा विसरून येतात, स्क्रू दिसत नाही."

"आणि काका, सकाळी आल्यावर तुम्ही?"

"पुढं घेतो," काका म्हणाले.

मग काकू एकदम म्हणाल्या, "मग सांगायचं नाही का हो?"

"तू तरी सांगितलंस?"

"मला वाटलं, माझंच वय झालं."

"मलाही तेच वाटलं," काका म्हणाले, आणि टेबलावरचा त्यांचा हात हळूच पलीकडं सरकला.

सरांनी घसा खाकरला. "आजपास्नं दोघांपैकी कुणी कुणाची काळजी करायची न्हाय! रेंजवर तरी! नेम चुकतोय!"

*

आणि ही अश्विनी.

आजऱ्याजवळच्या एका खेड्यातली. अकरावीत होती. शाळेच्या सहलीत तिनं कुठल्याशा जत्रेत बंदुकीनं फुगे फोडले होते, तिथनं हे वेड लागलं. वडिलांना घेऊन एसटीनं आली, टेबलाशी बसली आणि सरांनी 'हात आणा' म्हणायच्या आधीच उजवा हात पुढं ठेवला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं पहिलं पेर नव्हतं. बोट मधल्या पेरावरच संपलेलं.

सरांनी नेहमीसारखाच हात हातात घेतला, बेचक्यापासून अंतर बघितलं. ट्रिगर पार मागं घेतला. तरी बोट पोचेना.

"डाव्या हातानं शीक," सर म्हणाले. "त्यात काय कमीपणा न्हाय. लई चांगले नेमबाज डावरे असत्यात."

"डाव्यानं मी जेवत न्हाई सर. मारू कसं?"

"मग मधलं बोट वापर. चालतंय."

तिनं करून बघितलं. मूठच ढिली पडली. दोन शनिवार तसाच खटाटोप चालला. तिसऱ्या शनिवारी सर म्हणाले, "ठीक हाय. ट्रिगर मागं येत न्हाय, तर हात पुढं न्यायचा." त्यांनी रेंजची एक जुनी लाकडी मूठ काढली, पेटीतनं कानस घेतली आणि बेचक्यात बसतं तिथलं लाकूड घासायला बसले. थोडं घासायचं, तिचा हात बसवून बघायचं, परत घासायचं. घाई केली तर लाकूड परत येत नाही.

आमची रेंज वरच्या मजल्यावर, पण वडील त्यानंतर कधी वर आले नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसायचे. सर चहाला हाका मारायचे. ते म्हणायचे, "बसतो हितंच." एकदा मीच चहा खाली घेऊन गेले. माणूस उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी कप घेतला, पण पोरीचं कसं चाललंय एवढंही विचारलं नाही. मला जरा रागच आला.

वर येऊन मी अश्विनीला म्हटलं, "वडिलांना आवडत नाही का गं, तू हे शिकतेस ते?"

"तसं न्हाई मॅडम." ती सरांच्या कानशीकडं बघत होती. "लहान हुतो मी. कडबा कापायच्या मशिनमधी बोट गेलं. मशिन आप्पाच चालवत हुते. मीच हात घातलतो, त्येंची काय चूक न्हाई. पण तवापास्नं ते ह्या हाताकडं बघत न्हाईत. रस्त्यानं चालतानाबी डाव्या अंगाला येतात माझ्या."

सरांची कानस थांबली. मग परत सुरू झाली.

पावसाळा सरत आला तेव्हा मूठ तयार झाली. तिच्या हाताला अशी बसली, की जणू हातातनंच फुटली. ट्रिगर पार मागं होता, आणि उरलेल्या पेराचं टोक त्याच्यावर नीट टेकत होतं. आता फक्त एक बघायचं राहिलं होतं. ट्रिगरवरचं बोट बाजूनं लाकडाला टेकता कामा नये. टेकलं, तर दाबताना मूठही हलते. त्यासाठी बोट आणि लाकूड यांच्या मधनं कागद सरकवून बघतात. आरपार गेला तर माप बरोबर. अडकला तर अजून घासायचं.

आत रेंजवर ती आपल्या जागेवर उभी राहिली. पिस्तूल टार्गेटकडं धरून हात समोरच्या टेबलावर टेकवला. मी कागद शोधायला लागले.

"मॅडम, तुम्ही नको," ती म्हणाली. "आप्पांना बोलवा."

मी सरांकडं बघितलं. सर स्वतःच खिडकीशी गेले. "पावणं, वर या! काम हाय तुमचं. कागद असला तर घेऊन या!"

कुठंतरी सही हवी असेल असं त्यांना वाटलं असावं. चपला बाहेर काढून, अंग चोरून आत आले. खिशात दुसरा कागद नव्हता, म्हणून एसटीचं तिकीट हातात धरलेलं.

"आप्पा, हिकडनं या. उजवीकडनं," अश्विनी म्हणाली. तिची नजर समोर टार्गेटवर होती. "हितं बोटाच्या आन लाकडाच्या मधनं तिकीट सरकवा. अडकलं तर सांगा."

ते उभेच राहिले. माझ्या मनात आलं, हा माणूस आता वळून जिना उतरणार. पण त्यांनी खिशातनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्यांवर चढवला आणि वाकले.

पहिल्यांदा तिकीट दुमडलं. त्यांनी ते सरळ केलं. मग दुसऱ्या हातानं खालनं तिचा हात धरला, आधारासाठी, आणि परत सरकवलं. तिकीट बोटाच्या कडेनं हळूहळू आत गेलं आणि पलीकडनं बाहेर आलं.

"काय पावणं, सरकलं?" सरांनी विचारलं.

"सरकलं."

"अडकलं न्हाय न्हवं कुठं?"

त्यांनी नुसती मान हलवली. तिकीट खाली पडलं तरी ते तसेच वाकून होते. सर भिंतीकडं तोंड करून टार्गेटचे कागद नीट लावत बसले. ते आधीच नीट होते.

"आप्पा," अश्विनी अगदी हळू म्हणाली, "हात सोडा की आता. मला मारायचं हाय."